गवती चहा ते ग्रीन टी : रोजच्या सुगंधाची तीनशे वर्षं

इतिहासाच्या व्याख्यानमालेत एका स्वस्त परफ्यूमवर बोलायचं, हे काही जणांना खटकलं असेल. लढाया, तह, सुधारणा, चळवळी सोडून हे काय? पण बघा, माणसं रोज जे करतात त्याचाही इतिहास असतो. किंबहुना जी गोष्ट रोजची झाली, ती रोजची कशी झाली, हा इतिहासातला फार चांगला प्रश्न आहे. मीठ, साखर, साबण, चहा यांच्याबद्दल आपण तो विचारतो. आज तो वासाबद्दल विचारू.

उदाहरण म्हणून एकच बाटली घेऊ. एलिझाबेथ आर्डेन या अमेरिकी कंपनीचं 'ग्रीन टी'. १९९९ साली ते बाजारात आलं. लिंबू, संत्र्याची साल, बर्गमॉट, पुदिना, हिरवा चहा, असा त्याचा तोंडवळा. मोठ्या फ्रेंच घराण्यांच्या परफ्यूमच्या किमतीच्या एका लहानशा हिश्श्यात भलीमोठी बाटली मिळते. पंचवीस वर्षं उलटली तरी ते विकलं जातंय. ऑफिसला जाताना, आंघोळीनंतर, उन्हातून आल्यावर सहज फवारायचं, जपून ठेवायचं नाही, अशी ही वस्तू.

अशा वस्तूबद्दल आपले दोन समज असतात. एक, स्वस्त सुगंध म्हणजे महागड्या सुगंधाची हलकी नक्कल. दोन, ग्रीन टी लिहिलंय म्हणजे आत चहा असणार. हे दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि ते का चुकीचे आहेत हे सांगताना जो इतिहास उलगडतो, तोच आजचा विषय.

प्रसंगाचा सुगंध आणि रोजचा सुगंध

आधी एक फरक लक्षात घेऊ. आपल्याकडे सुगंधाची परंपरा मोठी आहे. कनौजला आजही तांब्याच्या देगेत फुलं उकळतात, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते आणि तिथे चंदनाच्या तेलात मुरते. हिना, केवडा, वाळा, गुलाब. पहिल्या पावसाच्या मातीचंसुद्धा अत्तर तिथे होतं. पण हे अत्तर आपण वापरत कधी होतो? लग्नात मनगटावर लावलं जायचं, वर गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडलं जायचं. दिवाळीत अभ्यंगस्नानाच्या वेळी सुगंधी तेल आणि उटणं. सणाचा कानात अत्तराचा फाया. म्हणजे सुगंध होता, पण तो प्रसंगाचा होता. त्याने सांगायचं असायचं, की आजचा दिवस वेगळा आहे, किंवा हा माणूस वेगळा आहे.

युरोपातही असंच होतं. सतराव्या शतकापर्यंत तिथले सुगंध कस्तुरी, अंबर, जवादी असे जड होते. दरबारात शिरताना माणसाच्या आधी त्याचा वास पोचला पाहिजे, हा हिशेब.

रोजच्या सुगंधाचा हिशेब निराळा आहे. तो दुसऱ्याला वर्दी देण्यासाठी नसतो, स्वतःला बरं वाटावं म्हणून असतो. हलका असतो, तासा-दोन तासांत उडून जातो. ही काही जड अत्तराची पातळ केलेली आवृत्ती नव्हे. ही एक वेगळी वाट आहे, आणि ती जर्मनीतल्या कोलोन या शहरातून निघते.

कोलोनचं पाणी

योहान मारिया फरीना हा मूळचा इटलीच्या उत्तरेकडल्या डोंगरातला, जन्म १६८५ चा. त्याच्या भावाने १७०९ साली कोलोनमध्ये व्यापारी पेढी काढली आणि पुढे हा त्या पेढीत आला. आपल्याला इटलीतल्या, पाऊस पडून गेल्यावरच्या वसंतातल्या सकाळीची आठवण करून देणारा वास सापडला आहे, असं त्याने भावाला कळवल्याचं प्रसिद्ध आहे. या पाण्यात काय होतं? बर्गमॉट, म्हणजे दक्षिण इटलीत कालाब्रियामध्ये पिकणारं एक लिंबाच्या कुळातलं फळ, त्याच्या सालीचं तेल. लिंबू, संत्रं, संत्र्याची फुलं, काही सुगंधी पाला. आणि हे सगळं शुद्ध मद्यार्कात विरघळवलेलं. नव्या गावाच्या नावावरून त्याने त्याला नाव दिलं, 'ओ द कोलोन', कोलोनचं पाणी.

आता गंमत अशी की हे पाणी सुरुवातीला मुळीच स्वस्त नव्हतं. राजेरजवाडे, सरदार ही फरीनाची गिऱ्हाइकं. मग ते रोजचं झालं कसं? मला त्याची दोन कारणं दिसतात.

पहिलं कारण, नक्कल. १७९४ मध्ये फ्रेंच सैन्याने कोलोन घेतलं. जुन्या बंधनांच्या जागी धंद्याची मोकळीक आली आणि शहरात कोलोनचं पाणी करणारे भराभर वाढले. त्यांतलाच एक विल्हेल्म म्युलहेन्स. त्याने फरीना आडनावाच्या, पण मूळ घराण्याशी संबंध नसलेल्या एका माणसाकडून ते नाव वापरायचा हक्क विकत घेतला! कज्जे पिढ्यान्‌पिढ्या चालले. शेवटी १८८१ साली म्युलहेन्सच्या नातवाला फरीना हे नाव सोडावं लागलं. तेव्हा त्याने काय केलं? शहरातल्या घरांना क्रमांक दिले गेले होते, त्यात त्यांच्या घराला ४७११ मिळाला होता. तोच आकडा बाटलीवर टाकला. '४७११' आजही बाजारात आहे, आणि मूळ फरीनाची पेढीही आहे. या नकलाकारांमुळे फरीनाचं नुकसान झालं असेल, पण 'कोलोन' हे एका दुकानाचं नाव न राहता एका प्रकारच्या वस्तूचं नाव झालं. सुगंधाच्या इतिहासात नक्कल ही नेहमीच चोरी नसते; पुष्कळदा ती वाटप असते.

दुसरं कारण, मद्यार्क. कोलोनमध्ये सुगंधी तेलं साधारण २ ते ५ टक्केच असतात, उरलेला बहुतेक भाग मद्यार्क आणि पाणी. म्हणजे मद्यार्क स्वस्त झाला की कोलोन स्वस्त. १८३० साली आयर्लंडच्या एनियस कॉफीने अखंड चालणाऱ्या ऊर्ध्वपातन यंत्राचं पेटंट घेतलं. थांबून थांबून भट्टी लावायची गरज संपली. बटाट्यापासून, पुढे बीटच्या मळीपासून शुद्ध मद्यार्क कारखान्यात मोठ्या प्रमाणावर निघू लागला. सुगंध स्वस्त होण्यामागे फुलांपेक्षा बटाट्याचा हात मोठा आहे, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

आणखी एक गोष्ट. त्या काळी कोलोन नुसतं अंगाला लावत नसत, ते पीतसुद्धा. साखरेवर थेंब टाकून, वाइनमध्ये घालून. डोकेदुखीपासून पोटदुखीपर्यंत सगळ्यावर. १८१० मध्ये नेपोलियनने हुकूम काढला की गुप्त औषधं विकणाऱ्यांनी आपली कृती सरकारला कळवावी. कोलोनवाल्यांना कृती उघड करायची नव्हती. मग ते म्हणाले, हे औषध नव्हेच, हे सुगंधी पाणी आहे. औषध आणि सुगंध यांच्यामधली आज आपल्याला स्वाभाविक वाटणारी रेघ अशी एका सरकारी हुकमाला बगल देताना ठळक झाली.

मराठी घरांत मात्र ती रेघ फारशी पोचलीच नाही. ताप चढला की कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या ठेवायच्या, हे आपल्याकडच्या अनेक घरांत सर्रास चालायचं. मद्यार्क उडताना कपाळ गार करतो आणि लिंबा-संत्र्याच्या वासाने जरा हुशारी वाटते. फरीनाच्या काळातलं औषधी कोलोन आपल्या आजारपणाच्या खोलीत विसाव्या शतकातही टिकून होतं. आपल्यापैकी कित्येकांना 'परदेशी सुगंध' पहिल्यांदा भेटला तो समारंभात नव्हे, तापात.

गवताची गोष्ट

लिंबू झालं. आता चहाकडे वळू. चहा या बाटलीत आला कसा, हे समजायला आपल्या परसातल्या एका गवतापाशी यावं लागतं.

आपण चहात पातीचा चहा टाकतो, गवती चहा. सर्दीवर त्याचा काढा करतो. त्याला लिंबासारखा वास येतो तो सिट्रल नावाच्या द्रव्यामुळे. याचीच एक बहीण-जात मलबार किनाऱ्यावर मोठ्या प्रमाणावर गाळली जायची. तिच्या तेलात सुमारे ७० ते ८० टक्के सिट्रल. हे तेल कोचीन बंदरातून युरोपला जायचं. कशाला? आधी साबणाला लिंबाचा वास द्यायला. पण १८९३ साली त्याला एकदम नवं महत्त्व आलं.

फेर्डिनांड टीमान आणि पाउल क्र्यूगर हे दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञ आयरिसच्या मुळांचा वास कशामुळे येतो, याचा शोध घेत होते. तो वास व्हायोलेटच्या फुलांसारखा असतो, आणि व्हायोलेट म्हणजे त्या काळातला महागातला महाग सुगंध. त्यांनी सिट्रल घेतलं, अ‍ॅसिटोनबरोबर त्याचा संयोग घडवला, मग आम्लाची प्रक्रिया केली. हाती जे आलं त्याला त्यांनी आयोनोन नाव दिलं. वास हुबेहूब व्हायोलेटचा! जो सुगंध श्रीमंत बाईच्या रुमालाला असायचा, तो काही वर्षांत साध्या साबणाच्या वडीला आला. आणि त्याचा कच्चा माल होता हिंदुस्थानातल्या गवताचं तेल.

गवतावरून आणखी एक सांगतो. खानदेशात रोशा गवत होतं. त्याचं तेल गाळून मुंबईमार्गे तांबड्या समुद्राकडे आणि इस्तंबूलला जायचं. त्याला गुलाबासारखा वास असतो, म्हणून गुलाबाच्या महाग तेलात ते मिसळलं जायचं. युरोपात ते 'तुर्की जिरेनियम तेल' म्हणून ओळखलं गेलं. नाव तुर्कस्तानचं, गवत खानदेशातलं. स्वस्त सुगंधाच्या इतिहासात हे वारंवार दिसतं. जो गवत कापतो, जो भट्टीपाशी बसतो, त्याचं गाव बाटलीवर येत नाही.

आता चहाशी याचा संबंध काय? चहाच्या पानाचा जो वास आपल्याला येतो, तो अनेक द्रव्यांचा मिळून असतो. त्यांत आयोनोन असतं. रोशा गवतात असणारं जिरॅनिऑल असतं. लिनॅलूल असतं, जे बर्गमॉटच्या सालीतही आहे. म्हणजे चहाचा वास ज्या द्रव्यांनी बनतो, त्यांतली महत्त्वाची द्रव्यं चहाचा शोध न घेताच लोकांच्या हाती आलेली होती. ती जुळवून 'हा चहा' असं म्हणणारा कोणीतरी हवा होता. त्याला अजून शंभर वर्षं लागणार होती.

चहा नसलेला चहा

या शंभर वर्षांत एक महत्त्वाचं द्रव्य आलं, हेडिओन. जाईच्या सुगंधावर संशोधन करताना स्वित्झर्लंडच्या फिर्मेनिश कंपनीच्या प्रयोगशाळेत ते तयार झालं. वास जाईचाच, पण पारदर्शक. जणू फूल शेजारच्या खोलीत आहे आणि खिडकी उघडी आहे. १९६६ मध्ये एदमाँ रुदनित्स्का यांनी दिओरसाठी केलेल्या 'ओ सोव्हाज'मध्ये ते वापरलं. त्या परफ्यूमचा सांगाडा बघा: लिंबू, बर्गमॉट, सुगंधी पाला. म्हणजे जुनं कोलोनच. फक्त हेडिओनमुळे त्याला हवा लागली आणि ते अंगावर जास्त टिकू लागलं.

मग १९८० चं दशक आलं. परफ्यूम पुन्हा जड झाले, मोठ्या आवाजात बोलू लागले. १९८५ चं 'पॉयझन' हे त्याचं ठळक उदाहरण. लिफ्टमध्ये एक बाई येऊन गेली की पुढची दहा मिनिटं कळायचं. त्याला लोक कंटाळले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला झाँ-क्लोद एलेना या फ्रेंच सुगंधकाराने बुल्गारी या रोमच्या जवाहिऱ्यांसाठी एक सुगंध बनवला. नावाचा अर्थच 'हिरव्या चहाचं सुगंधी पाणी'. त्यात त्यांनी चहाची पानं गाळून घातली नाहीत. चहाचा अर्क काढता येतो, पण तो दाट, सुक्या गवताच्या आणि तंबाखूच्या अंगाने जाणारा असतो. कपावर वाकल्यावर येणारी वाफ त्यात नसते. एलेना यांनी ती वाफ आयोनोन आणि हेडिओन एकमेकांशेजारी ठेवून उभी केली, वर लिंबूवर्गीय फळांचा शिडकावा दिला. नाक फसतं आणि म्हणतं, चहा!

फसतं म्हणावं का? चित्रकार चार रेषांत घोडा काढतो तेव्हा आपण फसत नाही, आपण ओळखतो. हे तसंच आहे. आणि एक योगायोग पाहा. ज्या आयोनोनने हा चहा उभा राहतो, ते पहिल्यांदा बनलं त्या गवताच्या कुळाला मराठीत आपण गवती चहाच म्हणतो. आज सिट्रल बहुतांशी कारखान्यात, पेट्रोलियममधून किंवा टर्पेंटाइनमधून बनतं, गवताची गरज उरलेली नाही. पण वंशावळ शोधत गेलो तर या ग्रीन टीचा एक पूर्वज मलबारच्या डोंगरउतारावर उभा आहे.

१९९९ ची बाटली

बुल्गारीचा सुगंध जवाहिऱ्याचा होता, किंमतही तशीच. १९९४ मध्ये 'सीके वन' आलं. पुरुष-बाई दोघांनी वापरायचं, लिंबूवर्गीय आणि हिरव्या चहाचं. त्याने हा वास तरुणांत नेला. आणि १९९९ मध्ये एलिझाबेथ आर्डेनने तो रोजच्या किमतीला आणला.

या नावामागची बाई मूळची कॅनडातली, फ्लॉरेन्स नाइटिंगेल ग्रॅहम. १९१० साली तिने न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर लाल दाराचं सौंदर्यगृह काढलं आणि एलिझाबेथ आर्डेन हे नाव घेतलं. १९६६ मध्ये ती गेली. 'ग्रीन टी' तिच्या पश्चात तेहतीस वर्षांनी आलं.

ते बनवलं फ्रान्सिस कुर्कजियान यांनी. तेव्हा त्यांचं वय तीस. यात लिंबू, बर्गमॉट, संत्र्याची साल, पुदिना आहेच. शिवाय बडीशेप, लवंग आणि शहाजिऱ्याच्या जातीचा मसाला आहे. आपल्या मुखवासाच्या डब्यातल्या वस्तू म्हणा ना! त्यामुळे नुसतं सरबत न होता त्याला थोडी पालेदार, कडसर धार येते. तळाशी कस्तुरी, अर्थात कृत्रिम. तिचीही गोष्ट मजेची आहे. १८८८ मध्ये आल्बर्ट बाउर हा स्फोटकांवर काम करत असताना त्याला कस्तुरीच्या वासाचं द्रव्य सापडलं. हरणाला न मारता कस्तुरी मिळाली. पुढे या जातीची नवनवी द्रव्यं कपड्यांच्या साबणात गेली, म्हणून आज आपण ज्याला 'धुतलेल्या कपड्यांचा स्वच्छ वास' म्हणतो तो बराचसा कृत्रिम कस्तुरीचा आहे. एके काळी दरबारातला सगळ्यात जड वास, आज स्वच्छतेची खूण!

मग हे स्वस्त का परवडतं? संत्र्याच्या सालीचं तेल रसाच्या कारखान्यांचं उपउत्पादन आहे. आयोनोन, हेडिओन, कस्तुरी टनावारी बनतात. द्रावणाचा मोठा भाग मद्यार्काचा. खरं तर महागड्या परफ्यूममध्येही किमतीचा मोठा वाटा द्रवाचा नसून बाटलीचा, जाहिरातीचा आणि दुकानाच्या काउंटरचा असतो.

याच कुर्कजियान यांनी २००९ मध्ये स्वतःचं घराणं काढलं. त्यांचं २०१५ चं 'बाकारा रूज ५४०' हे आज जगातल्या प्रसिद्ध महागड्या परफ्यूमांपैकी एक. २०२१ मध्ये ते दिओरचे सुगंधप्रमुख झाले. नाक तेच, शिक्षण तेच. म्हणून म्हणतो, स्वस्त म्हणजे नक्कल हे समीकरण सोडून द्या. 'ग्रीन टी'बद्दलची नेहमीची तक्रार, की हे टिकत नाही, तीसुद्धा फरीनाच्या पाण्यापासूनची आहे. लिंबूवर्गीय द्रव्यं हलकी असतात, लवकर उडतात. ते टिकवायला म्हणून नव्हतंच. पुन्हा लावायला म्हणून होतं. आणि पुन्हा पुन्हा लावायचं तर ते स्वस्तच असावं लागतं.

वास कुणाचा?

शेवटचा मुद्दा. हे सगळं महत्त्वाचं का आहे?

अलँ कोरबँ या फ्रेंच इतिहासकाराने १९८२ मध्ये वासाच्या इतिहासावर पुस्तक लिहिलं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधला सुखवस्तू वर्ग स्वतः जसजसा स्वच्छ होत गेला, तसतसा त्याला गरिबांचा वास खुपू लागला, असं त्यात दाखवलं आहे. वास ही वर्गाची खूण झाली. आपल्याला हे शिकायला फ्रान्सला जायला नको. वासावरून माणसाचा धंदा, वस्ती, जात ताडायची आणि नाकाला रुमाल लावायचा, हे आपल्याकडे शतकानुशतकं चाललं आहे. मासळीची टोपली घेऊन लोकलच्या लगेज डब्यात बसणाऱ्या बाईला विचारा, कातडं कमावणाऱ्याला विचारा, गटारात उतरवल्या जाणाऱ्या माणसाला विचारा. कामाचा वास हा कामाचा असतो. आपण तो माणसाला चिकटवला.

अशा समाजात रोजचा सुगंध परवडणं ही केवळ चैन नाही. दिवसभर राबून आंघोळ केल्यावर दोन फवारे मारून बाहेर पडणाऱ्या माणसाला आपण कसे वाटावे हे ठरवण्याचा थोडा हक्क परत मिळतो. पण या नाण्याला दुसरी बाजूही आहे. परवडतं म्हटल्यावर ते हळूहळू सक्तीचं होतं. घाम येणं हा दोष ठरतो, मुलाखतीला 'फ्रेश' दिसण्याबरोबर 'फ्रेश' वास येणंही पात्रतेत मोजलं जातं. काल ज्याला सुगंध परवडत नव्हता त्याला आपण हसत होतो. उद्या जो लावत नाही त्याला हसू. तेव्हा स्वस्त झालेल्या बाटलीने वासाची उतरंड मोडली असं म्हणण्याची घाई मी करणार नाही. तिने एक पायरी खाली आणली, इतकंच. उरलेली उतरंड नाकात नसून डोक्यात आहे, आणि ती कुठल्याही फवाऱ्याने जात नाही.

तरीही ती एक पायरी कमी नव्हे. इटलीतून आलेला एक व्यापारी, कोलोनचे नकलाकार, बटाट्याचा मद्यार्क, मलबारचं गवत, जर्मन आणि स्विस प्रयोगशाळा, पॅरिसचा एक तरुण सुगंधकार, इतक्यांच्या हातून ती आली आहे. पुढच्या वेळी चहात गवती चहाची पात चुरगळून टाकाल तेव्हा बोटांचा वास घेऊन बघा. तीनशे वर्षांच्या या प्रवासाचा एक तुकडा तिथे आहे.